दोन फाशांत एक तरी सहा आहे एवढंच कळलं, तर दोन्ही सहा असण्याची शक्यता किती?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका गावात अकरावी-बारावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. दहावीपर्यंत मराठीतून ‘संभाव्यता’, ‘नमुना अवकाश’ शिकलेली मुलं सायन्सला येतात आणि सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. त्यातच सशर्त संभाव्यता येते. मुलं सूत्र पाठ करतात, भागाकार बिनचूक करतात, उत्तरही बरोबर येतं. पण ‘हा भागाकार का केलास?’ म्हटलं की गप्प. हा भाग मला अतिशय आवडतो आणि तो सूत्राआधी हातांना कळला पाहिजे असं मनापासून वाटतं. म्हणून आमच्याकडे तो कसा चालतो ते लिहिते. तुम्हीही भर घाला.

साहित्य थोडंच: दोन फासे (एक लाल, एक निळा), नारळाची एक करवंटी, खडू आणि ३६ सुपाऱ्या.

खळ्यात खडूनं सहा बाय सहाची घरं आखायची. आडव्या ओळी लाल फाशाच्या, उभ्या निळ्याच्या, दोन्हीकडे १ ते ६ आकडे. प्रत्येक घरात एक सुपारी. लाल ३ निळा ५ हे एक घर, लाल ५ निळा ३ हे दुसरं. एकाच रंगाचे फासे असले की मुलं इथेच अडतात आणि दोन्ही एकच धरतात. रंग वेगळे असले की वाद उरत नाही. फासे चोख असतील तर छत्तीसही घरं सारख्या तोलाची.

आता फासे करवंटीत खुळखुळवून करवंटी पालथी घालायची. आत काय दान पडलंय ते कुणालाच दिसत नाही.

पहिला प्रश्न सोपा. बेरीज ८ असण्याची शक्यता किती? २-६, ३-५, ४-४, ५-३, ६-२ अशी पाच घरं. उत्तर ५/३६.

मग मी एकटीनं डोकावून सांगते, ‘लाल फाशावर ५ आहे.’ हे ऐकलं की मुलांनी खळ्यात जाऊन सुपाऱ्या उचलायच्या. लाल पाचाची ओळ सोडून बाकी सगळ्या ३० सुपाऱ्या गोळा. खाली उरल्या सहा. त्यांत बेरीज ८ देणारी एकच, लाल ५ निळा ३. उत्तर १/६. ५/३६ चं १/६ झालं, म्हणजे थोडं वाढलं. आणि मी ‘लाल फाशावर १ आहे’ म्हटलं असतं तर? उरलेल्या सहा सुपाऱ्यांत आठाची एकही नाही. उत्तर शून्य.

सशर्त संभाव्यता म्हणजे मुळात एवढंच. अट ऐकली की जी घरं आता शक्यच नाहीत तिथल्या सुपाऱ्या उचलायच्या. खाली उरल्या तो नवा छेद. उरलेल्यांत आपल्याला हव्या तेवढ्या, तो अंश. सूत्रात ‘दोन्ही घडण्याची संभाव्यता भागिले अटीची संभाव्यता’ असं लिहितात, त्यातला भागाकार या उचलण्यातून येतो.

बेरीज ७ घेऊन बघा, मजा आहे. कुठलीही अट नसताना सहा घरं, म्हणजे ६/३६ = १/६. लाल फाशावर १ कळलं, तरी १/६. ४ कळलं, तरी १/६. लाल फाशाची प्रत्येक ओळ सातासाठी एकच सुपारी देते. लाल फासा कळून सातबद्दल काहीच कळत नाही, आठबद्दल मात्र कळतं. दोन घटना ‘स्वतंत्र’ आहेत की नाहीत हे पुस्तक व्याख्येतून सांगतं. इथे ते जमिनीवर दिसतं.

आता शीर्षकातला प्रश्न. फासे करवंटीखाली. एक मुलगा विचारतो, ‘ताई, एक तरी सहा आहे का?’ मी दोन्ही फासे नीट बघून म्हणते, ‘हो.’ तर दोन्ही सहा असण्याची शक्यता किती?

नव्वद टक्के मुलं १/६ म्हणतात, असा आकडा मी देणार नाही, मोजलेला नाही. पण पहिलं उत्तर जवळजवळ नेहमी तेच असतं. खरं उत्तर १/११.

---

कर्लीकाठ

ताई, बरा लिवलास. पण माका एक सांगा. एक फासो सहा आसा ह्या कळला. मगे उरलो एकच फासो, तेका सहा बाजू. मगे १/६ नाय तर काय? हे ११ खयसून इले?

---

खाडीपलीकडे

दादा, तुमचा प्रश्न हाच या धाग्याचा गाभा आहे. ‘उरलो एकच फासो’ म्हणताय तो कुठला, लाल की निळा? मी फक्त ‘एक तरी सहा आहे’ म्हटलं, कुठला ते सांगितलंच नाही.

सुपाऱ्या उचलून बघा. लाल सहाची अख्खी ओळ राहील, सहा सुपाऱ्या. निळ्या सहाची उभी ओळही राहील, सहा सुपाऱ्या. दोन्ही ओळी कोपऱ्यातल्या ६-६ च्या घरात एकमेकींना मिळतात, ती सुपारी एकच आहे. म्हणून ६ + ६ − १ = ११. त्यांत दोन्ही सहा देणारी फक्त ती कोपऱ्यातली. १/११.

मी ‘लाल फाशावर सहा आहे’ म्हटलं असतं तर फक्त लाल सहाची ओळ उरली असती आणि तुमचं १/६ अगदी बरोबर असतं.

---

शून्यप्रहर

रत्नागिरीचा, सध्या पुण्यात. ज्यांना घरं मोजणं पटत नाही त्यांच्यासाठी तेच उत्तर मोठ्या आकड्यात.

३६० वेळा दोन फासे टाकले असं धरा. सरासरीनं दोन्ही सहा येतील १० वेळा. एकच सहा येईल १०० वेळा. एकही सहा येणार नाही २५० वेळा. आता ‘एक तरी सहा आहे का?’ याला ‘हो’ उत्तर किती वेळा मिळेल? ११० वेळा. त्यांतली दोन्ही सहा असलेली १०. १०/११० = १/११.

पण ताई, एक गोष्ट यात भरायला हवी आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा तुम्ही दोन्ही फासे बघितलेच नाहीत. करवंटी एका बाजूनं जरा कलली आणि दोनपैकी कुठला तरी एक फासा तुम्हाला दिसला. त्यावर सहा होता. तुम्ही मुलांना सांगितलंत, ‘एक सहा आहे.’ वाक्य तेच, पण उत्तर तेच राहील का?

३६० मध्ये मोजू. दोन्ही सहा असतील त्या १० वेळा कुठलाही फासा दिसला तरी सहाच दिसणार. सगळे १० जमेस. एकच सहा असेल त्या १०० वेळा मात्र निम्म्या वेळा सहा दिसेल, निम्म्या वेळा दुसरा फासा दिसेल. म्हणून जमेस ५०. सहा दिसण्याच्या एकूण वेळा ६०, त्यांत दोन्ही सहा १०. उत्तर १/६.

म्हणजे कर्लीकाठ दादांचं १/६ हे एका वेगळ्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे. कळलेली गोष्ट तीच, ती कळण्याची वाट निराळी.

---

कर्लीकाठ

आता ध्यानात इला. पण ताईच्या सुपाऱ्यांत ह्या कसा बसवूचा? सुपारी एकतर उचलूची नायतर ठेवूची. अर्धी कशी उचलतलास?

---

खाडीपलीकडे

अडकित्त्यानं, दादा!

खरंच करून बघा. एकच सहा असलेली दहा घरं आहेत: लाल सहाच्या ओळीतली पाच आणि निळ्या सहाच्या ओळीतली पाच. त्या प्रत्येक घरातल्या सुपारीचे दोन तुकडे करायचे. ‘करवंटी कलली तेव्हा सहा दिसला’ हा एक तुकडा, ‘दुसरा फासा दिसला’ हा दुसरा. सहा दिसला ही अट, म्हणून दुसरे तुकडे उचलायचे. खाली राहिले दहा अर्धे तुकडे, म्हणजे पाच सुपाऱ्या, आणि कोपऱ्यातली एक अख्खी. एकूण सहा, त्यांतली आपली एक. १/६.

शून्यप्रहर, हे आणल्याबद्दल मनापासून आभार. वर्गात मी मुद्दाम मुलाला आधी प्रश्न विचारायला लावते ते यासाठीच. पुस्तकातली कितीतरी गणितं ‘एक सहा आहे हे दिले आहे’ एवढंच लिहून मोकळी होतात. कोणी दिलं, काय बघून दिलं, याचा पत्ता नसतो. हुशार मुलं तिथे अडखळतात आणि त्यांचं अडखळणं रास्त असतं.

---

वेळासकिनारा

वाचनखूण साठवली. सुपाऱ्यांऐवजी चिंचोके चालतील, गडगडत नाहीत आणि अडकित्ता मुलांच्या हाती द्यावा लागत नाही. अर्धे केलेले चिंचोके आमच्याकडे खेळासाठी तयारच असतात.

---

कलमबाग

शून्यप्रहर यांचा मुद्दा वाचून आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली, ती इथे चपखल बसते.

हापूसमध्ये साका होतो हे इथल्या सगळ्यांना माहीत असेल. वरून फळ देखणं आणि आत पांढुरका, आंबूस, खराब गर. कापल्याशिवाय कळत नाही. बागेतही हे अटींवर चालतं. फळ चौदा आणे तयार झालं की उतरवलं तर साक्याची भीती कमी, झाडावर जास्त दिवस ठेवलं तर जास्त. उतरवलेली फळं तापलेल्या जमिनीवर पडून राहिली तरी वाढते. म्हणून आम्ही सकाळी लवकर काढतो आणि थेट सावलीत नेतो. ‘हापूसमध्ये साका किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कधी काढला, कुठे ठेवला, हे कळल्यावर उत्तर द्यायचं.

पण मला सांगायचंय ते विक्रीचं. गिऱ्हाईक येतं, पेटीतला एक आंबा स्वतः उचलून ‘हा काप’ म्हणतं. साका बाहेरून दिसत नसल्यामुळे तिथे विकणाऱ्याला निवड करताच येत नाही. ते फळ म्हणजे करवंटी कलल्यावर दिसलेला फासा. दुसरीकडे ताटलीत आधीच कापून ठेवलेली केशरी फोड असते. ती चांगली निघाली म्हणून ठेवलेली आहे. खराब निघालेली ताटलीत येतच नाही.

हिशोबापुरते आकडे घेऊ, खरे नव्हेत. एका ढिगात दहात एक फळ साक्याचं, दुसऱ्या ढिगात दहात पाच. तुमच्यासमोर कुठला ढीग आहे माहीत नाही, शक्यता निम्मी-निम्मी. तुम्ही निवडलेला आंबा चांगला निघाला. चांगल्या ढिगातून असं दहात नऊ वेळा होईल, वाईट ढिगातून दहात पाच वेळा. म्हणजे चांगला ढीग असण्याची शक्यता ९/१४, साधारण ६४ टक्के. निम्म्यावरून वर आली. ताटलीतली फोड मात्र दोन्ही ढिगांत चांगलीच दाखवणार, म्हणून ती खाऊनही शक्यता निम्मीच. फोड गोड लागली तरी तिनं ढिगाबद्दल काही सांगितलेलं नाही.

---

शून्यप्रहर

कलमबाग, सुरेख. हाच बेजचा नियम: नवीन काही कळलं की आधीची शक्यता किती बदलते ते सांगणारा. थॉमस बेज १७६१ मध्ये वारले, त्यांचा निबंध त्यांच्या मित्रानं, रिचर्ड प्राइस यांनी १७६३ मध्ये प्रसिद्ध करवला. अकरावीला तो चार ओळींच्या सूत्रात येतो, पण तुमचे ९ आणि ५ मोजले की सूत्राची गरजच लागत नाही.

---

पाणंद

मी आरोग्य खात्यात, गावपातळीवर काम करते. मला यातली दुसरी एक गल्लत रोज दिसते: अट आणि घटना उलटीपालटी होणं. ताई, तुमच्या फाशांवरच सांगते.

अट एक: बेरीज १० किंवा जास्त आहे. मग एक तरी सहा असण्याची शक्यता? बेरीज १० किंवा जास्त देणारी घरं सहा: ४-६, ५-५, ६-४, ५-६, ६-५, ६-६. त्यांत ५-५ सोडून पाचही घरांत सहा आहे. उत्तर ५/६.

आता उलटं. अट: एक तरी सहा आहे. मग बेरीज १० किंवा जास्त असण्याची शक्यता? अकरा सुपाऱ्यांतल्या पाच. उत्तर ५/११.

दोन्हीकडे त्याच पाच सुपाऱ्या. छेद निराळा म्हणून एक उत्तर ८३ टक्के आणि दुसरं ४५.

पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. लेप्टो झालेल्याला बहुधा ताप येतोच. लोक ऐकतात ते असं की ताप आला म्हणजे लेप्टो झाला. लगेच घरभर रडारड. दुसऱ्या टोकाला, ‘तापाच्या इतक्या जणांत एखाद्यालाच लेप्टो निघतो’ म्हणून अंगावर काढणारेही आहेत. दोघेही चुकीच्या छेदावर उभे असतात.

समजा तापाचे १००० रुग्ण, त्यांत लेप्टोचे २० (आकडे समजण्यापुरते). लेप्टोच्या विसांनाही ताप आहे, म्हणजे लेप्टो असताना ताप शंभर टक्के. ताप असताना लेप्टो मात्र दोन टक्के. आता डॉक्टर विचारतात, ‘चिखलात उतरला होतात का? पायाला कुठे जखम?’ हजारांतले २०० जण लावणीच्या चिखलात होते आणि विसांतले १६ त्यांच्यातले, असं धरा. मग चिखलात उतरलेल्या तापवाल्यांत १६/२००, म्हणजे आठ टक्के. न उतरलेल्यांत ४/८००, अर्धा टक्का. एका प्रश्नानं सोळापट फरक पडला. डॉक्टर नुसती चौकशी करत नसतात, सुपाऱ्या उचलत असतात. म्हणून दवाखान्यात गेलात की विचारायची वाट न बघता सांगा: शेतात होतो, गुरांच्या गोठ्यात होतो, पाय कापला होता. लेप्टोचे जंतू उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. वेळेत कळलं तर औषध आहे. ताप अंगावर काढू नका.

---

खाडीपलीकडे

ताई, हा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. ५/६ आणि ५/११ चं उदाहरण तर लगेच उचललं.

---

सोंगटी

मी बारावीत आहे, कुडाळजवळ राहतो. गणपतीत रात्री आरत्या झाल्या की आमच्याकडे ल्युडो चालतो. सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो. तीन फेऱ्या सहा पडला नाही की सगळे म्हणतात, ‘आता चौथ्याला पडणारच.’ आमच्या काकांचं म्हणणं त्याला गणिताचाही आधार आहे, चार दानांत एकदा तरी सहा पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हे खरं आहे का?

---

शून्यप्रहर

काकांचं दुसरं वाक्य खरं आहे. चारही दानांत सहा न पडण्याची शक्यता म्हणजे ५/६ चारदा गुणायचं: ६२५/१२९६. उरलेले ६७१/१२९६, जवळपास ५१.८ टक्के. फ्रान्समधला शेवालिए द मेरे याच्याशी जोडलेला हाच जुना प्रश्न. त्याचा जोडप्रश्न असा की दोन फासे २४ वेळा टाकले तर एकदा तरी दोन्ही सहा पडतील का. तिथे शक्यता ४९.१ टक्के, निम्म्याला जरा कमी. मेरेनं मांडलेल्या जुगाराच्या प्रश्नांवरून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांची पत्रं सुरू झाली आणि संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात.

पण ५१.८ टक्के ही चौथ्या दानाची शक्यता नव्हे. ती पहिलं दान टाकण्याआधीची, चारही दानं मिळून आहे. तीन दानं सहाशिवाय गेली हे कळलं की अट बदलली, सुपाऱ्या उचला. चार दानांचे १२९६ प्रकार. पहिल्या तिन्हींत सहा नाही असे १२५ × ६ = ७५०. त्यांत चौथ्याला सहा असलेले १२५. १२५/७५० = १/६.

निम्म्याहून जास्त शक्यता भरत होती ती पहिल्या तीन दानांच्या जोरावर. ती तिन्ही आता वाया गेलीत.

---

सोंगटी

म्हणजे १२९६ मधल्या ५४६ सुपाऱ्या उचलायच्या. त्या ५४६ च्या ५४६ सहा आलेल्याच होत्या. म्हणून शक्यता इतकी खाली आली.

---

खाडीपलीकडे

शाब्बास. उचललेल्या सुपाऱ्यांकडेही बघायचं हे फार थोड्या मुलांना सुचतं.

---

माजघर

मी वयानं बराच मोठा आहे, दापोली तालुक्यात असतो. तुम्ही सगळे सहा बाजूंच्या घनाकार फाशाबद्दल बोलताय. आमच्या माजघरात सारीपाट होता, त्याचे फासे लांबट, चार बाजूंचे. आणि त्याहून जुन्या काळी आपल्याकडे बेहड्याच्या बियांनी खेळत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे, त्यातले फासे बेहड्याचेच. नलोपाख्यानातही ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं न मोजता सांगतो, नळ ती मोजून खात्री करतो आणि मग अश्वविद्येच्या बदल्यात त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म शिकतो. अंदाज आणि फासे यांची अशी सांगड महाभारतात आहे, हे मुलांना जरूर सांगा.

माझा प्रश्न असा. चार बाजूंच्या फाशांना ताईंची रीत लागू होईल हे दिसतंच: सोळा घरं, चारांतला ठरवलेला एक आकडा एकदा तरी आलेली सात, दोन्हींवर तोच असण्याची शक्यता १/७. पण कवड्यांचं काय? कवडी उताणी पडते नाहीतर पालथी, आणि दोन्ही सारख्याच वेळा पडतील असं काही नाही. मग सुपाऱ्या कशा मोजायच्या?

---

वेळासकिनारा

काका, अर्ध्या चिंचोक्याचंही तसंच. पांढरी बाजू वर आणि काळी बाजू वर सारख्या पडत असतील असं धरता येत नाही.

---

खाडीपलीकडे

काका, तुमच्या प्रश्नानं विषय एक पायरी वर गेला. घरांचा तोल सारखा नसेल तर सुपाऱ्या मोजायच्या नाहीत, तोलायच्या.

दोन कवड्या घ्या. समजा कवडी उताणी पडण्याची शक्यता दहात चार, पालथी दहात सहा. चार घरं होतील. दोन्ही उताण्या: ४ × ४ = १६. पहिली उताणी दुसरी पालथी: २४. उलट: २४. दोन्ही पालथ्या: ३६. एकूण १००. या तोलाच्या सुपाऱ्या त्या त्या घरात. अट: एक तरी उताणी. मग ३६ ची सुपारी उचलायची, उरला तोल ६४. दोन्ही उताण्या १६. उत्तर १६/६४ = १/४. उचलणं तेच, फक्त मोजणीच्या जागी तराजू आला. अडकित्त्यानं अर्ध्या केलेल्या सुपाऱ्या म्हणजे याचीच सुरुवात होती.

---

शून्यप्रहर

यातून एक देखणं सूत्र निघतं. एका वेळची शक्यता ‘श’ म्हणा. एक तरी घडलंय हे कळल्यावर दोन्ही घडलेली असण्याची शक्यता: श भागिले (२ − श). कवडीला ०.४ ÷ १.६ = १/४. सारीपाटाच्या फाशाला १/४ ÷ ७/४ = १/७. ताईंच्या फाशाला १/६ ÷ ११/६ = १/११. आणि नाण्याला १/२ ÷ ३/२ = १/३.

---

कर्लीकाठ

काल रातीक घरात पोरांका विचारलंय. सगळ्यांनी १/६ सांगितला. मगे खळ्यात घरां आखून दिलंय, गप ऱ्हवलंय. धाकट्या चेडवान सुपाऱ्यो उचलल्यान आणि तिनाच ११ सांगितल्यान.

---

खाडीपलीकडे

दादा, तिला शाबासकी सांगा. आणि तिच्यासाठी (इथल्या सगळ्यांसाठीही) पुढचा प्रश्न.

तीन फासे: लाल, निळा, पिवळा. करवंटीखाली टाकले. कुणीतरी विचारलं, ‘तिन्ही आकडे वेगवेगळे आहेत का?’ मी तिन्ही बघून ‘हो’ म्हटलं. तर त्यांत एक तरी सहा असण्याची शक्यता किती? अट नसती तर ९१/२१६ आली असती, साधारण ४२ टक्के. अट आल्यावर वाढते की कमी होते, ते आधी मनाशी ठरवा, मग मोजा.

---

पाणंद

कमी होईल असं वाटतंय. दोन-तीन सहा असलेली सगळी घरं जाणार ना?

---

कलमबाग

पण सहा नसलेलीही कितीतरी जाणार. १-१-४, २-२-२, सगळीच.

---

सोंगटी

वेगवेगळे आकडे येण्याचे प्रकार ६ × ५ × ४ = १२०. त्यांत एकही सहा नाही असे ५ × ४ × ३ = ६०. म्हणून एक तरी सहा असलेले ६०. उत्तर १/२. वाढली!

---

माजघर

न मोजताही येतं. सहा आकड्यांतले तीन फाशांवर आले, तीन बाहेर राहिले. सहा हा आकडा या तिनांत आहे की त्या तिनांत, एवढाच प्रश्न. दोन्ही बाजू सारख्याच.

---

खाडीपलीकडे

दोघांचंही बरोबर. काका, ही वाट मला सुचली नव्हती, उद्या तुमच्याच शब्दांत सांगते. सोंगटी, तू आता चार फासे घे. अट तीच, सगळे वेगवेगळे. आधी काकांच्या रीतीनं उत्तर काढ, मग मोजून पडताळ.

---

सोंगटी

चार आत, दोन बाहेर. म्हणजे ४/६ = २/३. मोजून: ३६० मधले सहा नसलेले ५ × ४ × ३ × २ = १२०. उरले २४०. जुळलं.